लाल चिमट्याची पानं

या भूतलावर कागदावरच्या मुलांची काळजी करणारं एकच माणूस उरलं आहे, आणि ते नेमकं माझ्या सासरी आहे. माझी थोरली नणंद. सत्तरी ओलांडलेली, लग्न न केलेली, इंदूरला बडा गणपतीजवळ दोन खोल्यांत एकटी राहणारी. तुमच्या-माझ्या काळज्या असतात त्या वन्संना शिवत नाहीत. गुडघा दुखला तर दुखला, गॅस संपला तर संपला. पण एखाद्या नव्या कोऱ्या कादंबरीत बारा वर्षांची मुलगी स्वेटर न घालता संध्याकाळची घराबाहेर पडली, की वन्सं उठून येरझाऱ्या घालायला लागतात. मग मला फोन. "अगं, निघाली ती!" "कोण निघाली?" "ती गं, त्या पुस्तकातली. अन् बाहेर बर्फ पडतंय. मला तर बाई घबराहट होते आहे." मी सांगलीची. आमच्याकडे असा फोन आला की माणूस आधी कोण गेलं ते विचारतो. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा सुरुवातीला मी प्रत्येक फोनला पदर खोचून उभी राहायची. आता म्हणते, "वन्सं, कुकर लावलाय, शिट्टी झाली की बोलते." आणि शिट्टी झाली की बोलतेही, कारण नाही बोललं तर त्या रिक्षा करून सुदामानगरला आमच्या दारात हजर होतात.

वन्सं टेलिफोन खात्यात होत्या. ट्रंक कॉल जोडायच्या. लाइन धड जुळली की नाही हे पाहायला थोडा वेळ कानाला लावून बसावं लागायचं, त्यामुळे शहरातल्या कित्येकांच्या घरातलं बरं-वाईट घरच्यांच्या आधी वन्संना कळलेलं असायचं. त्या अजून सांगतात, "पलीकडचा मनुष्य आधी विचारत बसायचा, कसे काय, पाऊस-पाणी कसं, बच्चे कैसे हैं. अन् मला आवाजावरून कळलेलं असायचं की आता हा काय सांगणार आहे. मेरी जान जाती थी! म्हणून मी म्हणते, आधी शेवट सांगून टाका, मग काय गप्पा हाणायच्या त्या हाणा." तेव्हापासूनचा त्यांचा नियम आहे. पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान. कोण कोण जिवंत आहे, कुत्रा आहे ना, आजी आहे ना, घराला कुलूप नाही ना, एवढं बघून झालं की पाणी पिऊन पहिल्या पानाला हात. आणि हे सगळं वाचन एका डोळ्यावर. डावा डोळा लहानपणी विटी लागून गेला तो गेलाच. त्याने त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. उरलेल्या उजव्यावर त्यांनी नोकरी केली, आई-वडिलांचं केलं आणि निवृत्त झाल्यावर आमच्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयातलं मुलांचं कपाट ताब्यात घेतलं.

ते कपाट म्हणजे इंदुरातलं एक प्रेक्षणीय स्थळ आहे. त्यातल्या पुस्तकांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असतात. मुलांनी एकदम वाचू नयेत अशी पानं वन्सं चिमट्यात बंद करतात. आधी टाचण्या लावायच्या, पण एखाद्या पोराच्या बोटाला टोचली तर, या विचाराने त्यांचा डोळा लागेना, म्हणून चिमटे आले. पिवळा चिमटा म्हणजे भीती, निळा म्हणजे रडू, आणि लाल म्हणजे कुणीतरी जातं. लाल चिमट्याचं पान मोठं माणूस शेजारी बसवूनच उघडायचं, असा त्यांचा कायदा. त्या आमच्याकडे राहून गेल्या की माझ्या दोरीवरचे चिमटे कमी होतात आणि ह्यांचे बनियन शेजाऱ्यांच्या गच्चीवर सापडतात. बरं, एवढं करून उपयोग काय? मुलं कपाट उघडलं की आधी लाल चिमटे शोधतात! ज्या पुस्तकाला चिमटा नाही ते पोरं हातातसुद्धा धरत नाहीत. माझी मुलगी रेवा, आता आठवीत आहे, ती पाच-सहा वर्षांची असल्यापासून आत्याच्या चिमट्यांवर वाढली आहे. मी एकदा म्हटलं, "वन्सं, मुलं तीच पानं पहिल्यांदा वाचतात हो." त्या हबकल्याच. मग म्हणाल्या, "वाचू देत. पण उघडताना चिमट्याला हात लागतो ना? मग कळतं ना, की कुणी तरी आपल्या आधी इथे येऊन गेलंय."

आता नव्या बालकुमार साहित्याबद्दल वन्संची मतं. ती ऐकायला कुणी मागत नाही, पण त्या देतात, आणि एकदा सुरू झाल्या की कचरा गाडीचं गाणं परवडलं, ते निदान गल्लीच्या टोकाला जाऊन थांबतं. पहिली तक्रार जेवणाची. "या पोरांना कुणी खायला घालत नाही गं! ती अमकी, राज्य वाचवायला निघाली, जंगल पार केलं, नदी पार केली, लढाई केली. तीनशे पानं! अन् पोटात काय? एक सेब! तेही अर्धं घोड्याला दिलं." इंदूरचा माणूस सकाळी पोहे-जिलबी पोटात गेल्याशिवाय कोपऱ्यावर दूध आणायलाही जात नाही, तिथे उपाशीपोटी राज्य वाचवणं वन्संना कसं पटावं? इथल्या लालबागेतल्या मेळ्यात पुस्तकांच्या स्टॉलवर एक तरुण लेखक सह्या देत बसले होते. छान दाढी, छान कुर्ता. मुलांच्या आया रांगेत. वन्संचा नंबर आला तेव्हा त्यांनी पुस्तक पुढे केलंच नाही. म्हणाल्या, "बेटा, तुझा तो मुलगा गुहेत शिरला त्यावेळी त्याच्या दप्तरात काय होतं?" लेखक खुशीत आले. म्हणाले, "नकाशा, दोरी, टॉर्च." "अन् डबा?" लेखकांनी पेनाला टोपण लावलं. "डबा नाही दिलास तू. आई आहे ना त्याला? बाकीचे लेखक आईला आधीच मारून टाकतात, तू एवढी एक वाचवलीस, तर तिच्याकडून दोन पराठे नाही करवून घेता आले तुला?" मागच्या आया हसायला लागल्या. मी वन्संचं कोपर धरून ओढत होते. लेखक मात्र सज्जन निघाले. "पुढच्या आवृत्तीत घालतो," म्हणाले. वन्संनी मग सही घेतली.

आईवरून आठवलं. नव्या पुस्तकात आई दिसली की वन्संच्या छातीत धडधड सुरू होते. "ही आता किती पानं टिकते देव जाणे. चांगली गाणं म्हणते, केस विंचरते, की समज, गेली! या लेखकांचं आईबापांनी काय घोडं मारलंय?" शेवटचं पान आधी वाचण्याचं हेही एक कारण. पण तिथेही अलीकडे लेखक दगा देतात. एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मुलगी कड्याला एका हाताने लटकलेली, आणि खाली 'पहिला भाग समाप्त'. झालं! वन्संची दिवाळी त्या कड्यावर गेली. पुढची संक्रांत, होळी, सगळे सण त्यांनी ती पोरगी लटकलेली असताना साजरे केले. खजुरी बाजारातल्या पुस्तकवाल्याकडे आठवड्याला एक चक्कर. "आ गई क्या ऊपर?" तो बिचारा गोंधळायचा. "कौन, माताजी?" "अरे भिया, वो लड़की! दिवाली से लटकी है." शेवटी तो एकदा म्हणाला, "टेंशन मत लो माताजी, दूसरा भाग छप रहा है. मर जाती तो छापते क्या?" वन्सं त्या दिवशी शांत झोपल्या. अजून त्या दुकानदाराचं नाव निघालं की म्हणतात, धंदेवाला आहे पण डोकं आहे.

आणि ती 'मी'वाली पुस्तकं! नव्या कुमारवयीन कादंबऱ्यांतली मुलं सगळं आत्ताच, आपल्यासमोर करत असतात. रेवाने एकदा वाचून दाखवलं, 'मी धावते आहे. माझ्या मागे पावलं वाजताहेत. मी श्वास रोखून धरते.' वन्संनी हात वर केला. "थांब, थांब. मग हे लिहितंय कोण?" रेवा म्हणाली, "तीच लिहिते ना आत्या." "धावता धावता? अगं आधी पळ ना बाई! जान बचा, घरी पोच, हातपाय धू, खा काही तरी, मग लिही आरामात." रेवाने मला डोळा मारला. तसंच ते कमी बोलणारे मुलगे. भिंतीला टेकून उभे राहतात, कुणाला धड उत्तर देत नाहीत आणि नायिकेला म्हणे त्यांच्या डोळ्यांत खोल काही तरी दिसतं. "खोल-बिल काही नाही, उद्धट आहे मेला," वन्सं म्हणतात. आपल्या मराठीतल्या नव्या पुस्तकांवर तर त्यांचा वेगळा राग. "शेवटी झाड लावतात! काही होऊ दे. मुलगा नापास होऊ दे, आजोबा पडू दे, शेवटच्या पानावर सगळे मिळून झाड लावतात. अन् कचरा उचलतात. अरे, इंदूरच्या पोराला कचऱ्याचं काय शिकवता?"

एवढी चिडचिड होते तर वाचता कशाला, असं मी एकदा तडकून विचारलं. माझा स्वभाव तसा आहे, तोंडात आलं की बाहेर पडलं. वन्सं चिमट्यांचा डबा मांडीवर घेऊन रंग वेगळे करत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आमच्या लहानपणीच्या गोष्टींमधली मुलं घाबरायचीच नाहीत गं. चोर पकडायची, वाघ मारायची. मी डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेली असायची अन् वाटायचं, सगळ्या जगात घाबरणारी मी एकटीच. आता बघ. या नव्या पुस्तकांतल्या पोरांचे हात कापतात, पोटात गोळा येतो, शाळेत जायची घबराहट होते, अन् लेखक ते लिहितो. लाजत नाही. मला ही पोरं साठ वर्षं आधी भेटायला हवी होती." मी पोळ्या करायला उठले.

मागच्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या सुमाराला रेवा पुस्तक बदलायला आत्याकडे गेली ती वेगळाच चेहरा घेऊन परत आली. "मम्मी, आत्या पुस्तक तिरछं धरून वाचते आहे. एकदम कानापाशी. अन् मला म्हणाली, घरी बोलू नकोस." मी होते तशी निघाले. दार उघडताना वन्संनी कडी चाचपली तेव्हाच मी ओळखलं. उजव्या, म्हणजे एकुलत्या एका डोळ्याच्या कडेने काळा पडदा वर चढत होता आणि ही बाई उरलेल्या फटीतून वाचत बसली होती, कितीतरी दिवस! तुकोगंजच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि ते तिथेच रागावले. "इतने दिन क्या कर रही थीं आप?" वन्सं खाली मान घालून म्हणाल्या, "लड़की कुएँ में थी, डॉक्टर साहब." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "किसकी लड़की?" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. बाहेर आल्यावर मी त्यांना फैलावरच घेतलं. "शेवट वाचला होतात ना? येते ना ती वर?" "येते." "मग?" "येते गं. पण तोवर ती आत एकटी होती. तिला तशी सोडून मी डोळे दाखवायला जाऊ?"

डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन ताबडतोब. डोळ्यात हवेसारख्या वायूचा एक फुगा सोडायचा, तो पडदा जागेवर दाबून धरणार, आणि त्यासाठी आठवडाभर मान खाली. झोपायचं पालथं, बसायचं खाली बघत. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वाचता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "दिखेगा, यह उम्मीद है. पढ़ पाएँगी या नहीं, अभी नहीं कह सकते." आयुष्यभर शेवट आधी विचारणाऱ्या बाईला कुणीतरी पहिल्यांदाच शेवट सांगायला नकार दिला होता. रिक्षात त्यांनी माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. त्या कधी हात-बित धरणाऱ्यांतल्या नाहीत.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी पिशवीत मंडळात आलेलं नवं पुस्तक घेतलं होतं. डोंगरातल्या गावात आजीजवळ राहणाऱ्या एका मुलीची गोष्ट. आजी हळूहळू सगळं विसरत चाललेली आणि मुलगी तिला सांभाळणारी. बाकावर बसल्या बसल्या वन्सं म्हणाल्या, "मला नाही दिसत. तू वाच शेवटचं पान." "वन्सं, आत्ता?" "आत्ताच. माहीत नसलं की आत गेल्यावर त्यातच जीव अडकेल." मी वाचायला घेतलं. पुढे काय आहे हे पाहिलं असतं तर थांबले असते, पण मी सरळ वाचत गेले. अंगणातली आजीची खाट तशीच होती, तिच्यावर आता मांजर झोपायचं, आणि मुलगी रोज सकाळी उठून सवयीने दोन कप चहा टाकायची. वन्संनी विचारलं, "गेली?" मी म्हटलं, "गेली." त्यांनी पुस्तकावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "लाल चिमटा आहे तुझ्याकडे?" "ऑपरेशनला आलोय आपण, धुणं वाळत घालायला नाही," मी म्हटलं. तेवढ्यात नर्सने आत बोलावलं. जाता जाता वन्सं मागे वळून सांगत होत्या, "रेवाला देऊ नकोस हां ते! आधी चिमटा लाव!" मला आत-बाहेर करायचं होतं, म्हणून ह्यांनी पिशवी घरी नेऊन ठेवली आणि ते दवाखान्यात परतले, आणि मी घरी पोचेपर्यंत पुस्तक रेवाच्या हातात होतं.

तो आठवडा मी विसरणार नाही. वन्संना आमच्या पुढच्या खोलीत पालथं झोपवलं होतं, उशा अशा रचून की मध्ये तोंडापुरती जागा राहावी. जन्मभर लग्न केलं नाही आणि सत्तरीनंतर सासुरवाशिणीसारखी मान खाली घालून बसायची पाळी आली, असं मी म्हटलं तर उशांतून हसू आलं. मंडळातली माणसं भेटायला यायची आणि वन्संच्या अंबाड्याशी बोलून जायची. पोहे त्या खाली बघत खायच्या आणि अर्धे उशीला चारायच्या. रेवा शाळेतून आली की पलंगाशेजारी जमिनीवर चटई टाकायची आणि उताणी पडून, वर बघत, आत्याच्या चेहऱ्याखाली पुस्तक धरून वाचायची. पहिल्याच दिवशी तिने जाहीर केलं, "हेच पुस्तक वाचणार. अन् शेवट आधी नाही सांगणार, आत्या. आता तू पेशंट आहेस, तुझी नाही चालणार." वन्संची पंचाईत झाली. "दुसरं वाच ना बेटा, त्यात फार डोंगर आहेत," एवढंच त्यांना सुचलं. का नको हे सांगावं तर आजी जाते हे सांगावं लागणार! मी चहा देताना त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या, "काही तरी कर गं. पोरगी त्या पानाकडे चालली आहे."

मी काय करणार, कप्पाळ? पण माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. वन्सं वाचन लांबवत होत्या. "घसा बसेल तुझा, आज पुरे," म्हणायच्या, मध्येच पाणी मागायच्या, तो डोंगर नेमका केवढा, ते पुन्हा वाचायला लावायच्या. त्यांचं मला कळत होतं. पण रेवाही लांबवत होती! एरवी दोन दिवसांत पुस्तक फस्त करणारी मुलगी, एक एक परिच्छेद घोळवत होती. "आत्या, इथे फार बोअर आहे, उद्या वाचू," म्हणायची. एक दिवस मी पुस्तक उचलून ठेवायला गेले तर शेवटची पानं हाताळून मऊ झालेली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आत्याच्या हाताखाली तयार झालेली मुलगी, शेवटचं पान आधी वाचल्याशिवाय राहील होय? ऑपरेशनच्या दिवशीच तिने ते वाचलं होतं, आम्ही सगळे दवाखान्यात असताना, घरात एकटी बसून. आणि आता पालथ्या पडलेल्या आपल्या म्हाताऱ्या आत्याला त्या पानापर्यंत न्यायची तिला भीती वाटत होती.

डॉक्टरांकडे जायचा दिवस उद्यावर आला आणि पुस्तकाला लांबवायलाही काही उरलं नाही. दुपार होती. मी दाराशी मेथी निवडत बसले होते. रेवा शेवटच्या प्रकरणावर आली. आजी दवाखान्यात, मुलगी बाहेर बाकावर. इथपर्यंत पुस्तकातलंच होतं. मग रेवाचा आवाज जरासा बदलला. 'तेवढ्यात दार उघडलं,' ती वाचू लागली, 'आणि आजी चालत बाहेर आली. तिला सगळं आठवत होतं. ती म्हणाली, काही खाल्लंस का?' माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. 'मग त्या घरी आल्या. आजीने पोहे केले, वरून शेव घातली. मुलीने स्वेटर घातला. आईचा फोन आला, ती म्हणाली, मी सुट्टी काढून येते आहे. मांजराला दूध दिलं. घराला कुलूप नव्हतं. सगळे पोटभर जेवले आणि...' इथे ती अडली. '... आणि कुणी झाड नाही लावलं. समाप्त.'

वन्संची पाठ तेवढी हलत होती, हसत होत्या की रडत होत्या, पालथ्या माणसाचं काय कळणार? रेवा चटईवर ताठ पडून वर बघत होती, पुस्तक छातीशी घट्ट धरून. शेवटी वन्सं बोलल्या. "लेखक चांगला आहे गं," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी पोरांच्या भुकेची आठवण राहिली." रेवा उठली, आत्याच्या अंबाड्यावर ओठ टेकवले आणि सायकल काढून बाहेर पळाली. ती गेल्याची खात्री झाल्यावर वन्संनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, खूश असतील. "पुस्तक मिटल्याचा आवाज आला होता मला, अन् पोरगी वाचतच होती," त्या म्हणाल्या. "ते पान तिने कधी वाचलं असेल गं? जवळ कोण होतं तिच्या?" मी म्हटलं, "वन्सं, ती आता मोठी झालीय." "ते कळलं मला," त्या म्हणाल्या. "पण कुणी नव्हतं ना जवळ?" मला खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. उशीच्या खाचेत हात घालून त्यांचं नाक पुसलं आणि मेथी उचलून आत गेले. आत जाऊन थोडी रडलेही, सांगायला काय लाज.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पडदा बसला. डोळ्यात पाण्याची पातळी हलल्यासारखी दिसते, यशवंत सागर तलावासारखी, असं वन्सं पुढे बरेच दिवस सांगत होत्या. ती हळूहळू ओसरली. आता त्यांना माणसं दिसतात, रस्ता दिसतो, पोह्यांवरची शेव दिसते. अक्षरं मात्र वाकडी दिसतात, ओळी नागमोडी जातात. भिंग घेऊन एखाद-दुसरं पान वाचतात की डोळा थकतो. याहून जास्त होणार नाही, असं डॉक्टरांनी या खेपेला स्पष्ट सांगितलं. घरी येताना वन्सं एवढंच म्हणाल्या, "चला, शेवट तर कळला."

मंडळाचं कपाट आता रेवा बघते. नवं पुस्तक आलं की आधी ती वाचते, मग रविवारी आत्याला नेऊन देते. चिमटे ती वापरत नाही, तिला ते ओल्ड फॅशन वाटतात. तिने पानांना स्वतःच्या केसांच्या क्लिपा लावायला सुरुवात केली आहे. आत्याचा डोळा एवढासा, त्याने नको ते वाचू नये, म्हणून. परवा मी डबा द्यायला गेले तर वन्सं खिडकीशी भिंग घेऊन बसल्या होत्या. समोर रेवाने आणलेलं पुस्तक, आणि बाईसाहेबांनी पहिली गोष्ट केली असेल तर ती ही की सगळ्या क्लिपा काढून मांडीवर ठेवल्या होत्या आणि नेमकी तीच पानं उघडून बसल्या होत्या! मला हसूच फुटलं. "वन्सं, तुम्हीसुद्धा? कपाटातली पोरं बरी तुमच्यापेक्षा. दिवसाला एक पान वाचता येतं, तर ते तरी सुखाचं वाचा की."

त्यांनी भिंग खाली ठेवलं नाही. एका वाकड्या ओळीवरून ते हळूहळू पुढे सरकवत म्हणाल्या, "पोरगी इथे एकटी येऊन गेलीय गं. मला यायला नको?"